दुसऱ्याच्या जाळ्यात अडकलेला गळ

मी एका दुपारी एक जाळं कापलं आणि तीन आठवडे ते कुणालाच सांगितलं नाही. नंतर सांगितलं. पण सांगून ते मिटलं नाही, म्हणून आता लिहून काढतो आहे.

मी बुलढाणा जिल्ह्यात मोताळ्यात राहतो, शाळेत शिकवतो. मुलगा रत्नागिरीकडे नोकरीला आहे. नातू झाल्यापासून बायको तिकडेच असते. घराचं कुलूप मीच लावतो, मीच उघडतो. गेल्या दिवाळीत तिकडे गेलो होतो, तेव्हा एका दुपारी मुलानं मला खाडीत कयाकवर, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होडीवर, बसवलं. हातात गळ दिला आणि म्हणाला, "बाबा, इथं पाणी फिरत असतं. मासा कुठं सरकतोय ते बघायचं, आणि आपण कुठं सरकतोय तेही." मासा मिळाला नाही. पण त्या दोन तासांत तो माझ्याशी जितकं बोलला, तितकं आधीच्या दोन वर्षांत बोलला नसेल. महिन्याभरानं त्यानं आपली जुनी कयाक टेम्पोतून पाठवून दिली. ती दारात उतरवताना शेजाऱ्यानं विचारलं, "काऊन गुरुजी, समुद्र इकडं येऊन राह्यला काय?"

समुद्र नाही, पण धरण होतं. त्याच्या काठावर दोन चुलत भावांची झोपडी होती. थोरला सत्तरीचा, धाकटा चार-पाच वर्षांनी लहान. जन्मभर मासेमारी केलेली माणसं. थर्माकोलच्या तराफ्यावर धाकटा वल्हं मारायचा आणि थोरला जाळं उचलायचा. माझी कयाक मी त्यांच्या झोपडीमागेच ठेवायचो. दर रविवारी दुपारी जायचो, गळ टाकायचो, परतल्यावर त्यांच्याकडे काळा चहा प्यायचो. आठवडाभरात कामाशिवायचं बोलणं कानावर पडायचं ते तिथेच.

"याले वल्हं मारता येत नाही, म्हून मी संगं जातो," धाकटा म्हणायचा.

"अन् तुले जाळं उचलता येत नाही, म्हून मी तुले संगं नेतो बे," थोरला म्हणायचा.

त्या धरणावर एक रीत आहे. कुणाच्या हातून दुसऱ्याचं जाळं फाटलं, तर त्यानं आपल्याच अंगावरच्या कपड्याची चिंधी फाडून जाळ्याच्या तरंगत्या बाटलीला बांधायची. मालक ती चिंधी घेऊन काठावर विचारत येतो, आणि मग दोघं मिळून जाळं सांधतात. चिंधी नसेल, तर मुद्दाम कापलं असं धरतात. हे मला थोरल्यानंच सांगितलं होतं.

त्या रविवारी गव्हासाठी कालव्याला पाणी सोडून आठवडा झाला होता. असं पाणी सुटलं की धरण रोज वीतभर उतरतं आणि जाळी रोज आत सरकवावी लागतात. खाडीत मी पाण्यावरून नजर हलवली नव्हती. इथं धरणाचं पाणी म्हणजे भांड्यातलं पाणी, ते कुठं जातंय, अशा समजुतीत मी सरळ माझ्या नेहमीच्या जागी गेलो. बाभळीचं वाळलेलं खोड पाण्यातून वर आलेलं होतं, तिथे. गळ टाकला आणि ओढताना तो जड लागला. मोठा मासा असेल म्हणून मी जोर केला. खालून जाळं वर आलं.

मला बुडायची भीती वाटली असं इथं लिहिता आलं असतं. ते खरं नाही. वारा होता, कयाक आडवी होत होती, पण अर्धा तास बसून गळ सोडवता आला असता. ऊन होतं, कंटाळा आला होता, आणि मास्तरानं जाळ्यात गळ घातला हे कुणी पाहू नये असं वाटत होतं. मी खिशातला चाकू काढून गळाचा तंगूस, म्हणजे नायलॉनचा दोरा, कापायला गेलो, तर हाताशी जाळ्याची वरची दोरी आली. तीही कापली. जाळं दुमडून खाली गेलं. अंगात जुना सदरा होता. त्याला मी हात लावला नाही.

जाळं झोपडीतल्या त्या दोघांचंच होतं; दुसऱ्या दिवशी ते खोडात गुंतून चिंध्या झालेलं निघालं. ते कुठं लावायचं यावरून आदल्याच दिवशी दोघा भावांची बाचाबाची झाली होती. दोरी चाकूनं कापलेली, बाटलीला चिंधी नाही. थोरल्यानं काठावरच्या सगळ्यांसमोर धाकट्याचं नाव घेतलं. धाकट्यानं आपल्या वाट्याची जाळी दुसऱ्या एका तराफ्यावर घातली आणि तो पलीकडच्या काठाला निघून गेला.

हे मला पुढच्या रविवारी थोरल्यानंच सांगितलं. मी चहा पीत ऐकत राहिलो. त्याच्या पुढच्या रविवारीही. सांगितलं तर इथलं बसणं जाईल, एवढाच विचार माझ्या मनात होता. तिसऱ्या रविवारी मी पोचलो तेव्हा थोरला काठावर ओलाचिंब बसून खोकत होता. एका हातानं वल्हं, दुसऱ्या हातानं जाळं, असं करताना तराफा कलंडला होता. छातीएवढ्याच पाण्यात पडला म्हणून वाचला.

मी त्याच्यापुढे उकिडवा बसलो. "काका, दोरी मी कापली."

त्यानं तोंडावरचं पाणी पुसलं. "चिंधी?"

"नाही बांधली."

"काऊन?"

"लाज वाटली."

त्यानं लुंगी पिळली. "मंग मले काय सांगता? त्याले सांगा. शिव्या त्यानं खाल्ल्या."

मी कयाक काढली. समोरून वारा होता, पलीकडे पोचायला तासभर लागला. धाकटा दगडावर बसून मासळी साफ करत होता. त्यानं हात न थांबवता सगळं ऐकलं.

"तुमी होय," तो म्हणाला. "मले वाटे कासव असन. पण कासव काही चाकू घेऊन फिरत नाही."

"काका, चूक माझी आहे. तुम्ही परत चला."

"दोरी तुमी कापली गुरुजी, हे मानलं. पण चाळीस वर्सं मी ज्याचा तराफा हाकला, त्याले एका दिवसात मी चोर दिसलो. ते काही तुमी केलं नाही."

"मी त्यांना घेऊन येतो इकडं."

"त्याले काय पाय नाहीत?"

परत येऊन मी थोरल्याला शब्दन् शब्द सांगितलं. "असं म्हणला?" एवढंच तो बोलला. तो पलीकडे गेला नाही. का गेला नाही हे मी विचारलं नाही. विचारायचा हक्क माझा नव्हता.

मला वाटलं होतं, आता इथं येणं बंद. पण पुढच्या रविवारी मी नुसताच काठावर उभा होतो, तेव्हा त्यानं तराफ्यावरून हाक मारली, "बसा. उभं राहून काय होते?" तेव्हापासून रविवारी वल्हं मी मारतो आणि तो जाळं उचलतो. धाकट्याच्या जागेवर बसतो याची मला दर वेळी आठवण राहते. बोलणं फारसं होत नाही. "डावीकडं." "थांबा." "हाव, आता चाला." माझा हात अजून बसलेला नाही, तराफा तिरका जातो. तो त्याबद्दल काही बोलत नाही. धाकट्याला बोलायचा, मला बोलत नाही.

परवा आम्ही मधल्या पाण्यात होतो. पलीकडे धाकटा एकटाच तराफ्यावर उभा राहून जाळं ओढत होता. थोरल्यानं वल्ह्यावर हात ठेवून मला थांबवलं. वारा आम्हाला बाजूला ढकलत होता, आमचं जाळं अजून लांब होतं, तरी त्यानं हात काढला नाही. पलीकडचा तराफा दोनदा हलला. मग धाकट्यानं जाळं वर घेतलं आणि तो खाली बसला.

"बसला," थोरला म्हणाला, आणि त्यानं वल्ह्यावरचा हात उचलला.