पाण्याचा वास घेणारा मेहुणा

परभणी जिल्ह्यात वाहणारं, तुंबलेलं किंवा नुसतं सांडलेलं असं एकही पाणी नसेल, ज्याचा वास माझ्या मेहुण्यानं घेतलेला नाही. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ, सेलूचा. बीएस्सी होऊन दोन वर्षं नुसते अर्ज करून झाल्यावर त्यानं कुठलीशी जाहिरात वाचली आणि पुण्याच्या एका संस्थेचा पर्यावरण व्यवस्थापनाचा टपाली कोर्स घेतला. सेलूच्या घरात अभ्यासाला शांतता नाही असं सांगून तो जिंतूरला आमच्या दोन खोल्यांत राहायला आला. शांतता आमच्याकडेही नव्हती. पण आमच्याकडे त्याचे वडील नव्हते.

वडील, म्हणजे माझे सासरे, सेलूच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये हेडक्लार्क होते आणि मालकाला शब्द टाकून त्यांनी लेकासाठी तिथंच एक जागा धरून ठेवली होती. ‘एन्व्हायरमेंट’ हा शब्द त्यांच्या कानात शेवटपर्यंत नीट शिरला नाही. ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, “आमी तीस वर्षं राबून आता कुठं रिटायर व्हायलोत, अन् हे पोरगं आधीच रिटायरमेंटचा कोर्स करायलंय!” एकदा जिंतूरला येऊन त्यांनी लेकाला बजावलं, “दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतं. तोवर पास झालास तर तू शहाणा. न्हाई तर गुमान सेलूला यायचं.” मेहुण्याला जिनिंग म्हटलं की सरकीसारखा घाम फुटे. वडील गेल्यावर तो मला म्हणाला, “दाजी, तिथं हवेत तरंगणारा कापूस मोजायला मी आनंदानं जाईन. पण वहीत मोजायला न्हाई.”

अभ्यास म्हणजे त्याच्या मते पाणी आणि पाणी म्हणजे बाटली. औषधाच्या, सरबताच्या, रॉकेलच्या, मिळतील त्या बाटल्या तो राखेनं घासायचा, त्यात नाल्याचं, आडाचं, एसटी स्टँडच्या टाकीचं पाणी भरायचा आणि वर चिठ्ठी डकवायचा. कँटीनमध्ये पेला उजेडाकडे धरून तो इतका वेळ बघे, की मालक समोरच्या चार गिऱ्हाइकांना दुसऱ्या हॉटेलात गेलेलं बघत बसे. बसमध्ये वाऱ्याची दिशा कळावी म्हणून करंगळी ओली करून खिडकीबाहेर काढी, आणि कंडक्टर लघुशंकेसाठी गाडी थांबवी. एकदा तर कहर झाला. गंगाखेडच्या घाटावरून आणलेली बाटली त्यानं थंड कोपरा म्हणून देवघरात ठेवली. आमच्या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात, त्यामुळे चिठ्ठीवर नुसतं ‘गंगा’ होतं. बायकोची मावशी पाहुणी आलेली. तिनं पूजा झाल्यावर मोठ्या भक्तीनं पळीभर तीर्थ घेतलं, तेवढ्यात मेहुणा ओरडत आला, “मावशी, थुंका! घाटाखालचा नमुना हाय तो!” मावशीनं ओला हात शांतपणे डोळ्यांना लावला आणि म्हणाली, “नमुना तर तूच हायस, बाबा.”

कोर्सच्या शेवटी एक अहवाल होता. एखादं गाव निवडायचं, चाळीस घरं हिंडायची आणि लोकांचं पर्यावरणाविषयी म्हणणं लिहून आणायचं. ह्यानं येलदरीजवळचं पूर्णाकाठचं एक गाव धरलं आणि अहवाल धाडायला चार दिवस उरल्यावर निघाला. “वास घेता घेता नदीत पडंल,” म्हणून बायकोनं मला सोबत पिटाळलं. पहिल्याच ओसरीवर एक म्हातारी तूर निवडत होती. मेहुण्यानं नमस्कार केला. “आजी, पर्यावरण विषयावर बोलायचं होतं.”

“पऱ्यावरनं व्हय?” म्हातारीनं सूप खाली ठेवलं. “बरं झालं बाबा, कुणी तरी विचारायला आलं. बस, सांगते.”

आणि तिनं सांगितलं. डोहात दारू उडवून मासे मारणं, फवाऱ्याचा पंप ओढ्यात धुणं, ते पाणी पिऊन मेलेल्या दोन शेळ्या, नदीकाठच्या तोडलेल्या बाभळी. मेहुण्याची लेखणी थांबेना. दुसऱ्या घरी तेच, दहाव्या घरी तेच, आणि प्रत्येक जण सुरुवात करी, “पऱ्याचं काय सांगावं!” मेहुणा माझ्या कानाशी लागला, “दाजी, काय जागृती हाय! प्रकाशचा पक्या होतो, तसा लाडानं पर्यावरणाचा पऱ्या केलाय लोकांनी.” मला शंका आली होती, पण इतका सुखी मेहुणा मी कधी पाहिला नव्हता, म्हणून गप्प बसलो. चाळिसाव्या घरचा गडी म्हणाला, “पऱ्याची बायकोबी नांदंना आता. कोण राहील असल्याजवळ?” तेव्हा कुठं लेखणी थांबली.

त्याच वेळी मागून आवाज आला, “कोण चौकशी करायलंय माझी?” सहा फुटी, मिशीवाला, खांद्यावर फवाऱ्याचा पंप. खुद्द प्रल्हाद उर्फ पऱ्या. मी चपला हातात घेतल्या. मेहुणा मात्र पांढराफटक होऊन म्हणाला, “तुमचंबी म्हणणं लिहून घेतो.” पऱ्यानं खांद्यावरचा पंप उतरवला आणि खाली बसला. “लिवा. मी दारू उडवतो, खरं हाय. पण पंप समदं गावच ओढ्यात धुतंय. नाव तेवढं माझं हाय.” चाळिसाव्या घरच्या गड्यानं दारातला आपला पंप हळूच आत सरकवला.

परतीच्या गाडीत मेहुणा रडायचा बाकी होता. “संपलं, दाजी. आता जिनिंग.” मी सुचवलं, “पऱ्या खोड, पर्यावरण लिही. कोण बघतंय?” तो माझ्यावर असा डाफरला की मागची बाई जागी झाली. “लोकांनी सांगितलं तेच लिहायचं असतं!” आणि त्यानं तसंच लिहिलं. पऱ्याचं म्हणणं एक्केचाळिसावं जोडलं, आपली चूक पहिल्याच पानावर कबूल केली आणि अहवाल रजिस्टर पोस्टानं पाठवून दिला.

त्या दिवसांत विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद चाललेले, आज गाड्या नाहीत तर उद्या टपाल नाही. दिवाळी झाली, निकाल आला नाही, सेलूहून चिठ्ठी तेवढी आली, “बिस्तरा बांध.” त्यानं खरोखर बांधला. सुतळीची गाठ मारत असतानाच पोस्टमन आला. पास! खाली परीक्षकांनी लिहिलं होतं, “अख्खं गाव आपला दोष एका माणसावर ढकलतं, हे त्या माणसाकडूनच वदवून घेणारा हा पहिला अहवाल.” आणि संस्थेच्याच ओळखीनं महिन्याभरात गुजरातेतल्या एका कारखान्यात नोकरी लागली, कारखान्याचं सांडपाणी तपासायची.

सेलूच्या फलाटावर त्याला पोहोचवायला सासरे आणि मी. मेहुणा डब्याच्या दारात उभा. सासरे त्याच्याकडे न बघता सिग्नलकडे बघत म्हणाले, “मालकाला सकाळीच सांगून आलो. त्या जागेवर दुसरा माणूस घ्या म्हणलं.” मेहुणा पाया पडायला खाली उतरू लागला आणि गाडी हलली. शेवटचा डबा वळणाआड जाईपर्यंत सासरे हलले नाहीत. मग धोतराचा सोगा सावरत म्हणाले, “जावईबापू, आज जिंतूरला जाऊ नका. मुक्काम करा. घरात आता लय शांतता हाय.”