बॉनेट धरणारा दादा

माझा दादा गाडी नुसती ऐकायचा आणि तिला कुठे दुखतंय ते सांगायचा. गिऱ्हाईक अजून गॅरेजच्या दारातून आत येतंय, तोवर हा हात पुसत म्हणणार, "बेल्ट गेलाय." आणि खरंच बेल्टच गेलेला असायचा. मला भयंकर राग यायचा, कारण तेच शोधायला मी तासभर गाडीखाली झोपलो असतो. तीस वर्षं त्याच्या हाताखाली काढली मी. पोट सुटलं, केस गेले, तरी त्याच्या तोंडी मी आपला बारक्याच.

दोन वर्षांपूर्वी त्याचं विसरणं सुरू झालं. आधी पाने-पकडी कुठेही ठेवून द्यायचा, मग चहा पिऊन झाला की परत चहा मागायचा. आम्ही हसायचो. मग एक दिवस त्याने एका गाडीचं इंजिन ऑईल काढलं आणि नवीन भरायचं राहूनच गेलं. गाडी चौकापर्यंत गेली आणि इंजिन जाम! गिऱ्हाइकाने मला वाट्टेल ते सुनावलं आणि मी ते जसंच्या तसं दादाला सुनावलं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "कोणी केलं रे असं?" तिथे मी हात टेकले.

मी वहिनीला म्हटलं, आता याला घरीच ठेवा. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "भाऊजी, घरी हे नुसती खिडकी उघडतात आणि लावतात. तुमच्याकडे असतात तेवढा वेळ तरी माणसात असतात. द्या ना काहीतरी काम." मी कुरकुरलो. बरं, आठवडाभर बघतो म्हटलं. आणखी एक चूक झाली, की बास.

आठवडा संपता संपता एक जुनी गाडी आली. तिचं बॉनेट वर राहतच नव्हतं. उघडलं की घटकाभर थांबायचं आणि मग पेंगणाऱ्या माणसाच्या मानेसारखं हळूहळू खाली यायचं. बॉनेटला दोन्ही बाजूंनी गॅसचे शॉकर असतात, तेच त्याला तोलून धरतात. त्यांतला गॅस गेला, की त्यांत काही राम राहत नाही. दोन्ही बदलायचे होते. तेवढ्यापुरतं खाली लाकडी दांडकं लावलं तरी भागतं. माझ्याकडे आहे तसलं. पण मी ते कपाटामागे सारलं आणि दादाला हाक मारली.

"दादा, हे धर जरा. मी सोड म्हणेपर्यंत सोडायचं नाही हं. माझं डोकं आत आहे."

"मला शिकवतोस होय रे?" असं म्हणून त्याने बाह्या सरसावल्या आणि दोन्ही तळहात बॉनेटला लावले. कितीतरी दिवसांनी तो खूश दिसला.

मी आत वाकलो. बारीक स्क्रूड्रायव्हरने क्लिप सैल केली, जुना शॉकर ओढून काढला, नवा घेतला, नळी वर, दांडी खाली, आणि टक्कन बसवला. मग दुसऱ्या बाजूचा. सगळा वेळ माझा जीव मुठीत. पण बॉनेट तसूभरही हललं नाही. दुसरा शॉकर बसतोय तोच बाहेर एक बाई हॉर्नवर हॉर्न वाजवायला लागल्या. त्यांचे ब्रेक कुरकुर करत होते आणि त्यांना ते अगदी आत्ताच्या आत्ता बघून हवे होते. मी चरफडत हात पुसले, त्यांच्या गाडीत बसलो आणि चक्कर मारायला निघालो. चाकात खडा अडकला होता. तो शोधून काढून परत यायला पाऊण तास गेला.

दादा तिथेच उभा होता. हात वर, तळहात बॉनेटला. दंड थरथरत होते, शर्ट पाठीला चिकटला होता. बॉनेट नव्या शॉकरांवर मजेत उभं होतं. त्याच्या हातांची काही गरजच नव्हती.

"अरे देवा! दादा, सोड ना! काम कधीच झालंय!" मी ओरडलो आणि त्याचे हात खाली घ्यायला धावलो.

"हात लावू नका, साहेब," तो म्हणाला. "बारक्या आत आहे माझा. त्याचं डोकं खाली सापडेल."

मी त्याच्या समोर आलो. "अरे, मीच बारक्या!"

त्याने माझ्याकडे नीट निरखून बघितलं. "चेष्टा नका करू. मागे सरका बघू."

काय करणार? मी गाडीच्या पुढ्यात गेलो, वाकलो, बॉनेटखाली डोकं घातलं आणि तिथून म्हटलं, "दादा, झालं. सोड आता."

"डोकं काढलंस का?"

मला रडू आवरेना. डोकं आतच होतं. "काढलं," मी म्हटलं.

मग त्याने हात खाली घेतले.

मी लवकर गॅरेज बंद केलं आणि त्याला घरी घेऊन गेलो. वहिनीने दार उघडलं. मी म्हटलं, "उद्यापासून नका पाठवू."

"काय चुकलं यांचं?" तिचा चेहरा पडला.

"त्याचं काही चुकलं नाही हो. सोड म्हणायला मी विसरलो. पाऊण तास माझ्यासाठी तसाच उभा होता. पुन्हा विसरलो, तर कोसळेपर्यंत उभा राहील तो."

वहिनीने आत जाऊन चहा आणला. दादाने कप उचलायला हात पुढे केला, पण तो वर जाईना. मग तिनेच कप धरून त्याच्या ओठांना लावला. एक घोट घेऊन त्याने माझ्याकडे बघितलं आणि तिला हळूच म्हणाला, "अगं, साहेबांनाही दे ना."