कोटंबी घाटातला पिवळा उजेड

या सदरातले अनुभव मी रविवारी चहाबरोबर वाचतो आणि बायकोला त्यातल्या चुका काढून दाखवतो. दार आपोआप उघडलं म्हणजे चौकट कललेली असणार, बल्ब लुकलुकला म्हणजे होल्डर सैल असणार... असं माझं चालू असतं. ती म्हणते, मग वाचता तरी कशाला? असो. आज मीच लिहायला बसलोय, तेव्हा चुका काढायची पाळी तुमची. एखादी सापडली तर मला ती खरोखर हवी आहे.

आम्ही नाशिक रोडला, जेल रोड भागात राहतो. मी सातपूरच्या एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेन्टेनन्सला आहे. आम्ही बौद्ध. नवस, उतारा, गाडीला लिंबू-मिरची असलं आमच्या घरात काही नाही. लिंबू येतं ते सरबताला. इतकी वर्षं रात्रपाळ्या केल्या, अंधारात भेटला तो फक्त सुपरवायझर.

माझी बायको सुजाता पेठच्या पुढे एका पाड्यावरच्या शाळेत शिक्षिका आहे. आमच्या जुन्या छोट्या गाडीने रोज सकाळी जाते. वाटेत नाशिकमध्येच, पेठ नाक्यावर, तिच्याच शाळेतल्या गांगुर्डे मॅडम बसतात. पाऊस संपत आला तरी कोटंबी घाटात सकाळी धुकं असतंच. एका संध्याकाळी मेथी निवडता निवडता ती सहज म्हणाली, "आज समोरचा ट्रक अगदी बॉनेटला टेकल्यावर दिसला हो." आणि पुढे मेथीच निवडत बसली. मला मात्र जेवण गेलं नाही. त्या दिवसापासून तिचा 'पोचले' असा मेसेज येईपर्यंत माझं कामात लक्ष लागेना.

म्हणून फॉग लाइट लावायचे ठरवले. पिवळे, कारण धुक्यात पांढरा उजेड आपल्याच डोळ्यांवर परत येतो. बाहेरून लावून घेतले असते, पण तिथे कंपनीचं वायरिंग कापतात, त्यात दुसरी वायर पिळतात आणि वरून टेप गुंडाळून देतात. ते मला बघवत नाही. रविवारी पार्किंगमध्ये सतरंजी टाकून गाडीखाली शिरलो. बंपरखाली पट्ट्या बसवल्या, दिवे कसले, बॅटरीपासून दिवे चालू-बंद करणाऱ्या रिलेपर्यंत वेगळी वायर ओढली, मध्ये फ्यूज टाकला, स्टिअरिंगच्या बाजूला स्विच बसवला. बटण दाबलं आणि समोरची भिंत पिवळीधमक झाली. सोसायटीतले दोघेतिघे बघत होते, त्यामुळे मी उगाचच दोनदा जास्त लावून दाखवले.

सामान आवरताना दिसलं, की बॅटरीची वायर पत्र्याच्या कडेवरून जातेय. रोजच्या हादऱ्यांनी ती तिथे सोलली गेली असती, शॉर्ट होऊन आग लागली असती. मध्ये रबर बसवायला हवं होतं, ते घरात नव्हतं. दुकान बंद झालेलं. मग आम्ही मेन्टेनन्सवाले जे करतो ते केलं. लाइन अर्धवट असेल तर फ्यूज काढायचा आणि तो आपल्याच खिशात ठेवायचा, म्हणजे आपल्यामागे कोणी ती चालू करू शकत नाही. फ्यूज खिशात टाकला. वायर बॅटरीवरूनही सोडवली आणि तिच्या टोकाला टेप गुंडाळून ती बाजूला बांधून ठेवली.

वर जाऊन सुजाताला सांगितलं, दिवे उद्या चालणार नाहीत, परवा नीट करून देतो. ती फोनवर कोणाशी तरी शाळेच्या मीटिंगबद्दल बोलत होती. मान हलवून "हं" म्हणाली. लग्नाला इतकी वर्षं झाली, त्या 'हं'चा अर्थ मला कळायला हवा होता.

सकाळी माझी पहिली पाळी, मी तिच्या आधी निघालो. पेन, टेस्टर, फ्यूज... सगळं सवयीने कालच्या शर्टातून आजच्या शर्टात आलं होतं. चहाच्या सुट्टीत तिचा फोन आला.

"अहो, आज तुमचे दिवे नसते ना, तर माझ्या हातून माणसं मेली असती."

मग तिने सांगितलं ते असं. घाटात नेहमीपेक्षा दाट धुकं होतं. तिने फॉग लाइटचं बटण दाबलं, दिवे लागले, स्विचमधला लहान लाल दिवाही लागला. रस्ता पिवळा, स्वच्छ दिसायला लागला. एका आंधळ्या वळणापलीकडे द्राक्षबागांच्या छाटणीला बायका घेऊन निघालेली पिकअप पंक्चर होऊन उभी होती. ड्रायव्हर चाक काढत होता. बायका रस्त्याच्या दुसऱ्या कडेला, म्हणजे सुजाताच्या बाजूला, डांबरावरच बसल्या होत्या. ती वळणावर आली तेव्हा त्या उठून कठड्याला चिकटून उभ्या होत्या. गाडी त्यांच्या पुढून गेली. त्यांत यमुनाबाई होती, सुजाताच्या वर्गातल्या एका मुलीची आई. कडेवर धाकटं मूल.

"त्या बसलेल्याच असत्या तर मला ब्रेक लागला नसता हो," ती म्हणाली आणि रडायला लागली.

माझा हात खिशावर गेला. फ्यूज तिथे होता. मी तिला एवढंच म्हणालो, की संध्याकाळी सावकाश ये.

ती आली तशी तिने पर्स ठेवण्याआधीच मी बॉनेट उघडलं. वायरचं टोक मी बांधलं होतं तिथेच, टेप मी गुंडाळली होती तशीच. फ्यूजची जागा रिकामी. बटण दाबलं, दिवे लागले नाहीत. स्विचमधला लाल दिवाही नाही, कारण त्याला वीज त्याच वायरीतून मिळते. मीटर लावला, शून्य. सुजाता बाजूला उभी राहून हे सगळं बघत होती. मी खिशातला फ्यूज तिच्या हातावर ठेवला आणि काल काय सांगितलं होतं ते पुन्हा सांगितलं. तिने तो उलटसुलट करून बघितला. मग म्हणाली, मी चहा ठेवते.

आता माझ्या शंका. पहिली, धुक्यात नेहमीचे हेडलाइटच पिवळट दिसले असतील. मग लाल दिव्याचं काय? तोही भास, असं धरून चालू. दुसरी, मागून एखादी गाडी येत असेल. मी गांगुर्डे मॅडमना फोन केला आणि काही न सांगता नुसतं विचारलं, रस्ता कसा होता? त्या म्हणाल्या, मागेपुढे चिटपाखरू नव्हतं, दिवे मात्र छान बसवलेत, वळणावर उजेडसुद्धा वळतो. मी म्हटलं, मॅडम, दिवे बंपरला घट्ट बसवलेत, ते वळत नाहीत. त्या म्हणाल्या, "असेल बाई, मला काय कळतंय त्यातलं." तिसरी शंका, पाठीमागून वर आलेलं ऊन. पुढे मी स्वतः त्या वेळेला तिथे जाऊन उभा राहिलो. डोंगर आड येतो, ऊन त्या वळणावर उशिरा पोचतं.

रबर आणून मी वायर नीट केली, फ्यूज बसवला. आता दिवे लागतात, चांगले लागतात. पण सरळ समोर. वळणाच्या पलीकडे त्यांचा उजेड जात नाही... कुठल्याच दिव्याचा जात नाही.

नंतरच्या एका सुट्टीला सुजाता मला यमुनाबाईच्या घरी घेऊन गेली. खरं तर मीच हट्ट केला होता, कारण त्या बायका रस्त्यावरून कशामुळे उठल्या हे मला विचारायचं होतं. कुडाच्या भिंतीचं, नुकतंच सारवलेलं घर. धाकटं मूल अंगणात मातीत बसलं होतं आणि माझ्या चपलेचा पट्टा ओढत होतं. यमुनाबाई म्हणाली, गाडीचा आवाज कोणालाच आला नाही, सगळ्या गप्पांत होत्या.

"पयलं उजेड आला. पिवळा. आमच्या अंगावर, पोराच्या तोंडावर. आमाला वाटलं कोनी बॅटरी मारतंय, म्हनून उठलो. कोनच नव्हतं. मंग लय येळानं बाईंची गाडी आली."

मी विचारलं, उजेड कुठून आला? तिने रस्त्याच्या दिशेने हात केला आणि तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला. मग तिने सुजाताकडे बघून विचारलं, दिवे यांनीच लावले ना? सुजाता माझ्याकडे बघायला लागली.

खोटं बोलणं मला जमत नाही. घरात, कामावर, सगळ्यांना ते माहीत आहे आणि बऱ्याच जणांना त्याचा त्रासही होतो. त्या दिवशी ते दिवे बंद होते, हे एक वाक्य सांगायचं होतं फक्त. मी तोंड उघडलं, पण खाली ते मूल चपलेशी खेळत होतं. मी नुसती होकाराची मान हलवली.

यमुनाबाई आत गेली आणि पिशवीभर काकड्या घेऊन आली, पावसाळी, हातभर लांब. पिशवी माझ्या हातात देऊन ती वाकून पायाला हात लावायला लागली. मी घाईने मागे सरलो, म्हटलं, ताई, हे नको, आमच्यात हे करत नाहीत. काकड्या मात्र नाकारता आल्या नाहीत. दोन्ही हातांनी घेतल्या. कोणाच्या वतीने घेतल्या, ते मला आजही माहीत नाही.