घोट्यावरची खूण

मी तिसऱ्या तासाचं रीडिंग घेत होते आणि नाना वैद्य लॅबबाहेरच्या बाकावर डबा घेऊन बसले होते. डब्यात त्यांच्या पत्नीच्या, काकूंच्या हातची खांडवी, म्हणजे आपल्या सुरळीच्या वड्या. काकूंना संधिवात. डॉक्टरांच्या गोळ्यांवर बोटं ठीक होती, पण पोट बिघडायचं. नानांना त्या गोळ्या बंद करून घरचा पाला द्यायचा होता. रावपुऱ्यात त्यांच्या तीन पिढ्या सुजेवर तो पाला देत आल्या. त्याचा अर्क खरंच काम करतो का, हे मी आमच्या फार्मसी कॉलेजात तपासत होते.

पद्धत सोपी आहे. पांढऱ्या उंदराच्या पंजात कॅराजीनन नावाचा पदार्थ टोचायचा. त्यानं सूज येते, तिसऱ्या तासाला सर्वांत जास्त. घोट्यावर मार्करनं खूण करायची, खुणेपर्यंत पंजा पाण्यात बुडवायचा. जितकं पाणी वर चढेल त्यावरून सूज कळते. सहा उंदरांना नुसतं पाणी पाजायचं, सहांना नेहमीचं औषध, सहांना नानांचा अर्क. पथ्य एकच. कुठला उंदीर कुठल्या गटातला, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. म्हणून पिंजऱ्यांना कोड दुसऱ्यानं लावायचे. त्या दिवशी टेक्निशियन रजेवर होती. मीच लावले. वीस वर्षं हेच करतेय, मला काय होतंय, असा माज होता.

अर्कवाल्या गटात सूज निम्मीच निघाली. रिपीट होईपर्यंत खरं तर तोंड उघडायचं नसतं. मी बाहेर जाऊन सांगून टाकलं.

"मी म्हणत होतो ने, ताई!" नानांचे डोळे भरून आले. "आजच हिला सांगतो."

मी खांडवी खाल्ली. फर्मास होती.

दुसऱ्या दिवशी आमच्या विभागप्रमुख सरांनी फाइल पाहिली.

"कोड कुणी लावले?"

"मीच."

"रीडिंग?"

"मीच."

"मग हा रिझल्ट नाही. रिपीट करा."

म्हणजे आणखी अठरा उंदीर, पुन्हा एथिक्स कमिटीची परवानगी. दोन महिने गेले. नानांना थांबा म्हणून सांगायला हवं होतं, पण पुन्हा तेच निघणार या खात्रीत मी सांगितलं नाही. या वेळी कोड टेक्निशियननं लावले. ते उघडले तेव्हा नानांचा अर्क आणि नुसतं पाणी यांत काहीच फरक नव्हता. पहिल्या वेळी अर्कवाला पंजा बुडवताना माझा हात खुणेच्या केसभर आधी थांबत असणार. मुद्दाम नाही, पण थांबत असणार. अठरा जीव निव्वळ माझ्या आगाऊपणापायी गेले. त्याची लाज अजून वाटते.

संध्याकाळी रावपुऱ्यात गेले. काकू खुर्चीत बसल्या होत्या. बोटं सुजून टम्म, पेलाही धरवत नव्हता. गोळ्या दोन महिने बंद होत्या.

"यांचा पाला मी चाळीस वर्षांत कधी घेतला नव्हता," काकू म्हणाल्या. "तुम्ही मशीनवर तपासलंत, म्हणून घेतला."

मी खरं ते सांगितलं.

"मग गोळ्या परत चालू करू ने, ताई?" नानांनी एवढंच विचारलं.

गोळ्या सुरू झाल्या, सूज उतरली. उजव्या हाताची दोन बोटं मात्र वाकडीच राहिली. नाना मला एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून कोड मी लावत नाही. आणि बाहेर बाकावर ओळखीचं कुणी बसलेलं असेल, तर रीडिंगही दुसऱ्याला घ्यायला लावते.

दिवाळीला कारेलीबागेत माझ्या घरी काकूंचा डबा अजून येतो. चिवडा असतो, शंकरपाळे असतात. खांडवी नसते. ती गुंडाळायला बोटं सरळ लागतात.