रविवारचं चारचं स्केड

आधीच सांगते, रस्त्यात लिंबू-मिरची पडलेली दिसली की मी वळसा घालत नाही, सरळ त्यावर पाय देऊन जाते. संदीप, म्हणजे माझा नवरा, यावरून मला कायम बोलतो. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चहा टाकायला जाते... त्यामुळे या सदरात मी लिहितेय याचं सगळ्यात जास्त आश्चर्य मलाच वाटतंय.

दोन हजार चार-पाचचा सुमार. गिरगावातली खोली सोडून आम्ही मीरा रोडला वन बीएचके घेतला होता. मी अंधेरीला एका कंपनीत ड्रॉइंगचं काम करायचे आणि माझ्या डोक्यात हॅम रेडिओचं खूळ शिरलं होतं. म्हणजे घरात स्वतःचा सेट, गच्चीवर स्वतःची एरियलची वायर, आणि जगात कुणाशीही बोला. पण हवेत काही पाठवायचं तर सरकारी लायसन्स लागतं, आणि मला हवं होतं त्या लायसन्ससाठी मॉर्सची परीक्षा होती.

ती मला शिकवत होते देवधरकाका. जन्मभर बोटीवर रेडिओ ऑफिसर. काकू गेल्यावर जवळच्याच जेसल पार्कच्या फ्लॅटमध्ये एकटे राहायचे, मुलगी बडोद्याला. शिस्तीला भलतेच कडक! कागदावर टिंबं आणि रेघा काढून पाठ करायच्या नाहीत, कानानेच शिकायचं. महागडी नवी की, म्हणजे टिंबं-रेघा वाजवायचा खटका, घ्यायची नाही, आधी हात बसू दे. आणि त्यांचा सगळ्यात मोठा नियम – ऐकताना लिहायचं, वाचायचं नाही. अर्थ लावायला गेलीस की पुढचं अक्षर चुकलंच. म्हणून ते मुद्दाम निरर्थक अक्षरं द्यायचे, पाच-पाचच्या गटात.

दर रविवारी चार वाजता आमचं स्केड असायचं. स्केड म्हणजे ठरलेली भेट, हवेतली. काका त्यांच्या घरून सावकाश अक्षरं पाठवायचे, मी मीरा रोडला त्यांनीच दिलेल्या जुन्या वाल्व्हच्या रिसीव्हरवर ऐकून लिहायचे. उत्तर द्यायला माझ्याकडे काहीच नव्हतं. टेबलावर सरावाची एक की आणि सेलवर चालणारा बझर, बस्स. त्याची वायर कुठेही गेलेली नव्हती. तरी स्केड संपलं की मी त्यावर ‘आर’ वाजवायचे. डि-डाह-डिट, म्हणजे ‘मिळालं’. काकांना ऐकू जायचं नाही हे माहीत होतं, पण सवय.

त्या रविवारी सेट तापायला लावला, हेडफोन चढवले. चार वाजले तरी काही नाही. मग अगदी बारीक शिट्टी सुरू झाली. हात काकांचाच. त्यांचा अंगठा बोटीवर कधीतरी दारात चेमटला होता, त्यामुळे अक्षरातली शेवटची रेघ ते जरा ओढायचे. शंभर स्टेशनांत मी तो हात ओळखला असता. मी लिहायला लागले. डी, ए, आर, यू, जी. मग एच, ए, डी, पी, ए. एकही अक्षर सुटत नव्हतं, मी मनातल्या मनात स्वतःवर खूश. पान भरलं, तेव्हा शिट्टी थांबली.

मग नेहमीप्रमाणे सगळं लिहून झाल्यावरच वाचलं. गट सोडून अक्षरं सलग जोडली तर सगळीकडे एकच... रोमन लिपीत मराठी. दार उघड. पडलोय. दार उघड. पडलोय. पानभर.

काकांना फोन लावला, नुसता वाजत राहिला. संदीप म्हणाला, गंमत करत असतील. काका आणि गंमत? चप्पल घालता घालता मी परत टेबलापाशी आले, हात आपसूक कीवर गेला, डि-डाह-डिट वाजवलं, आणि धावले.

रेल्वे फाटकाच्या रांगेत रिक्षा अडकली तेव्हा मला रडूच यायला लागलं. पोचले तर काकांच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वॉटरप्रूफिंगचे हातोडे दणदणत होते. शेजारच्या गुजराती भाभींकडे जादा किल्ली होती, पण आतून कडी. भाभी म्हणाल्या, “अंकल तो सुबह से दिखेच नहीं, मेरे को लगा बेटी के वहाँ गए.” वॉचमन आणि वरचे दोन कामगार यांनी मिळून दार तोडलं.

काका बाथरूममध्ये पडले होते. सकाळपासून. खुब्याचं हाड मोडलेलं, उजवा हात अंगाखाली अडकलेला, ओरडून ओरडून घसा बसलेला. शुद्धीवर होते. मला बघून नुसती मान हलवली, जणू मी येणारच होते.

त्यांना उचलून नेईपर्यंत मला सेटची आठवणही झाली नाही. हॉस्पिटलसाठी कपडे घ्यायला मी त्यांच्या घरी परत आले तेव्हा पाहिलं. सेटवर कापडी कव्हर तसंच. प्लग काढलेला. आणि गच्चीवरची वायर कामगारांनी आदल्या दिवशीच उतरवून गुंडाळून दारामागे ठेवली होती.

मी ती गुंडाळी उचलून पाहिली, दोन्ही टोकं मोकळीच होती.

ऑपरेशननंतर काका बोलण्यासारखे झाले, तेव्हा न राहवून विचारलं, की सेटपर्यंत पोचलात कसे. कुठला सेट, म्हणाले. बोटसुद्धा हलत नव्हतं. नुसती समोरच्या नळाची धार दिसत होती आणि डोळे मिटायला लागले होते. झोपलो तर संपलं, हे कळत होतं. आज रविवार आहे एवढं डोक्यात होतं.

“म्हणून मनातल्या मनात तुला पाठवत होतो,” ते म्हणाले. “तुझ्या स्पीडने. तू ऐकत असशील म्हणून.”

मी पर्समधलं पान काढून त्यांच्यासमोर धरलं. त्यांनी ते वाचलं. मग मला परत दिलं.

म्हणाले, “चांगलं घेतलंस. पण तुझं शेवटचं टिंब अजून घाईत येतं हं. आर वाजवताना.”

“काका, कुठला आर?”

“दिलास की. तो आला, मग मी जरा निवांत झालो.”

त्या आरबद्दल मी कुणालाच सांगितलं नव्हतं. संदीपलाही नाही, तो तर तोवर खाली रिक्षा अडवायला गेला होता. आमच्या ऑफिसातल्या इलेक्ट्रॉनिक्सवाल्याला सगळं सांगून पाहिलं. शिट्टीसाठी त्याने दुसरं कुठलं तरी स्टेशन असेल असं म्हणून बघितलं, पण पान पाहून ते मागे घेतलं. बझरबद्दल विचारलं तर विषयच बदलला.

काका पुढे मुलीकडे बडोद्याला गेले. जाताना सराव सोडू नकोस म्हणाले. मी परीक्षा दिली, पहिल्या खेपेला नापास झाले, कारण आता ऐकताना वाचल्याशिवाय मला राहवतच नाही; दुसऱ्या खेपेला पास झाले. जे झालं ते काय होतं, मला आजही माहीत नाही, आणि कुणी समजावून सांगेल अशी आशाही नाही. तो बझर मात्र टेबलावर आहे. सरावाला बसले की पूर्वी वाटेल ते वाजवायचे. हल्ली कीवर हात ठेवला की आधी थांबते, आणि हे कुणाला ऐकू गेलं तर चालेल का, एवढा विचार करूनच पहिलं टिंब देते.