खूण सांगा, मग बोला

नव्या यंत्रावर जीव ओवाळून टाकणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, आणि नव्या यंत्राला बघून चार हात लांब पळणारीही. पण ही दोन्ही माणसं एकाच सदऱ्यात घालून हिंडणारा माणूस अख्ख्या इंदापूर तालुक्यात एकच, आणि तो म्हणजे आमचे दाजी. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. निमगाव केतकीला त्यांचा पानमळा आहे.

दाजींच्या लहानपणी त्यांच्या वस्तीवर काहीच नव्हतं. वीज ओढ्याच्या अलीकडं आली नव्हती आणि निरोप सायकलवरून यायचा. भवानीनगरला दिलेली त्यांची बहीण बाळंतपणात अडली, तेव्हाही निरोप सायकलवरूनच निघाला आणि वाटेत चाक पंक्चर झालं. दाजी आणि त्यांचे वडील पोचले तेव्हा बायका अंगणात गप्प बसल्या होत्या. हे दाजी कधी बोलत नाहीत, ताईनं मला सांगितलं. तेव्हापासून निरोप लवकर पोचवणारी कुठलीही वस्तू बाजारात आली की ती दाजींच्या घरी येते. आमच्या घरचं तरी काय वेगळं होतं? पिंपळीला आई-वडील दुसऱ्याच्या भाजीच्या मळ्यात राबले, म्हणून मी बी.एस्सी. झालो. घराण्यातला पहिला पदवीधर. हे मी जाईन तिथं सांगतो, कारण ते सांगण्यासारखं आहे. दाजींच्या लेखी मात्र माझ्या पदवीचा एकच उपयोग: अटी व शर्ती वाचणं.

नवं ॲप घेतलं की तुम्ही-आम्ही सरळ तळाशी जाऊन ‘मान्य आहे’ दाबतो. दाजी दाबत नाहीत. ते मला रविवारी बोलावून घेतात, घोंगडी अंथरतात, मांडी घालून बसतात, आणि मग मी ती इंग्रजी कलमं एकेक करून मराठीत सांगायची, पोथी सांगतात तशी. शेजारचे एक आबा एकदा ऐकायला बसले होते, ते शेवटी हात जोडून उठले. दाजी मात्र दर कलमाला अडवतात.

“ह्यात जामीन कोन हाय?”

“ह्याला जामीन नसतो, दाजी.”

“जामीन न्हाय आन वर आपलीच सही मागत्यात? वाचा फुडं.”

सगळं वाचून झालं की ते फोन ताईपुढं धरतात. “तू दाब. माझं बोट नको त्यात.”

“म्हंजी मी अडकले तरी चालंल व्हय?” ताई विचारते.

“तू अडकलीस तर मी येईन सोडवाय. दोघंबी अडकल्यावर कोन येनार?” ह्यावर ताई कपाळाला हात लावते आणि त्याच हाताच्या बोटानं बटण दाबते.

बोलणारा डबा निमगावात पहिल्यांदा दाजींनी आणला. गाणी लावतो, बाईच्या आवाजात हवामान सांगतो, सगळं खरं. पण तो सदानकदा ऐकत असतो हे कळल्यावर दाजींची झोप उडाली. डबा परत करायला मन होईना, घरात ठेवायला धीर होईना. शेवटी त्याची रवानगी गोठ्यात झाली. तिथं तो म्हशींना अभंग ऐकवतो. गोठ्यात काही महत्त्वाचं बोलायचं झालं तर दाजी कोंबड्या झाकायचं डालगं आणून त्याच्यावर पालथं घालतात आणि दबक्या आवाजात म्हणतात, “बाई ऐकतीया.” मोटर चालू करायचं मोबाईलवरचं यंत्रही त्यांच्याकडं आहे. घरात बसून बटण दाबतात, मोटर चालू झाल्याचा संदेश येतो, आणि मग ती खरंच चालू झाली का हे बघायला गाडी काढून मळ्यात जातात. प्रश्नांची उत्तरं देणारं ते नवं ॲप आलं तेव्हा त्यांनी पहिल्या दिवशी त्याला एकच प्रश्न विचारला, पानमळ्यात जाताना पायात काय घालावं. त्यानं जाड तळव्याचे बूट सुचवले. पानमळ्यात आमच्याकडं चप्पल बाहेर काढूनच जातात, देवळात जावं तसं. दाजींनी ते ॲप आठ दिवस उघडलं नाही. “हुशार लई हाय,” ते म्हणाले, “पण त्याला ठाव न्हाय हे त्याला ठाव न्हाय. असल्या मानसाला लोक घाबरत न्हाईत, मी घाबरतो.”

बारामतीला शेतीचं प्रदर्शन भरलं की दाजी पहिल्या दिवशी हजर. नव्या कंपन्यांची ती मंडळी, गळ्यात ओळखपत्र, अंगात कंपनीच्या नावाचा टी-शर्ट, दाजींना फार आवडतात. त्यांचं सगळं दाजी मनापासून ऐकतात, माना डोलावतात, पत्रकं गोळा करतात. जमिनीतला ओलावा सांगणारी कांडी, फवारणीचं ड्रोन, गाईच्या गळ्यातला पट्टा, कशाचीही त्यांना नवलाई वाटते. आणि मग मालकाच्या खांद्यावर हात ठेवून ते प्रेमानं विचारतात, “समजा, उद्या तुमची कंपनी बंद पडली. माझ्या पाईपाचा कॉक तुमच्या कंप्युटरनं बंद करून ठिवलाय. मग तो उघडायचा कुनी?” एका तरुण मालकानं ह्यावर प्यायला घेतलेलं पाणी खाली ठेवलं. दाजींनी त्यालाच चहा पाजला. परत येताना मला म्हणाले, “चांगला हाय गडी. पण घाबरलेला हाय. आपल्यासारखाच.”

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग गावातल्या एका मास्तरांना त्यांच्या मुलाच्या आवाजात फोन आला. मुलगा रडत होता, अपघात झालाय म्हणत होता, वाचवा म्हणत होता. आणि मास्तर मागं वळले तर तोच मुलगा ओसरीवर बसून भाकरी खात होता. मास्तरांचं नुकसान काही झालं नाही. पण त्यांनी सांगितलं की पुढं कितीतरी दिवस मुलगा समोर बोलायला लागला की त्यांच्या अंगावर काटा यायचा. हे ऐकून आल्यावर दाजी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरात कायदा केला: फोनवर आधी खूण सांगायची, मग बोलायचं. खूण अशी पाहिजे, जी कुठल्याही यंत्रात नाही. माझी खूण म्हणजे आम्ही विकलेल्या शेळीचं नाव. त्यांची मुलगी अनु बारामतीला फार्मसी शिकायची. तिची खूण म्हणजे लहानपणी तिनं काय फोडून मांजरावर ढकललं होतं ते. माझ्या आईला खूण माफ होती. ती फोन उचलून “मीच हाय की रं!” असं ओरडते, आणि दाजींच्या मते ती नक्कल कुठल्याही यंत्राला जमणार नाही.

घोडं अडलं ते ताईपाशी. ताईनं दाजींचं नाव आजवर तोंडातून काढलेलं नाही. रेशनच्या दुकानात नवऱ्याचं नाव विचारलं की ती कार्ड पुढं सरकवते. लग्नात उखाण्याच्या वेळीसुद्धा तिनं जी मान खाली घातली ती वर केलीच नाही. शेवटी आत्यानं तिच्या वतीनं घेतला. “म्हंजी तिच्या आवाजात माझं नाव ह्या जगात कुटंच न्हाय,” दाजी हरखून म्हणाले. “ही खरी खूण!” मी त्यांना समजावलं की आवाज चोरला की यंत्र त्यात कुठलंही नाव घालू शकतं. त्यांनी ऐकलं नाही. ताईनं तर त्याहून ऐकलं नाही. दाजींनी फोनवर “नाव घे” म्हणायचं आणि ताईनं फोन ठेवायचा, हे तीन महिने चाललं.

त्या रविवारी ताई सकाळच्या एसटीनं अनुला डबा द्यायला बारामतीला गेली होती. मी घोंगडीवर बसून कुठल्याशा कॅमेऱ्याचं बारावं कलम सांगत होतो. दाजींचा फोन वाजला. नंबर अनोळखी.

“अहो, मी बोलतीया.” आवाज ताईचा. रडवेला. “अनुला सरकारी दवाखान्यात आनलंय. पोटात आपेंडिक्स का काय ते फुटायला आलंय, लगेच आपरेशन करायचंय. माझा फोन बंद पडलाय. योजनेचं कार्ड तुमच्या नंबराला जोडलंय, तुमाला आकडा आला आसंल बघा. तेवढा सांगा.”

आकडा आला होता. सहा अंकी. त्याच्याखाली लिहिलं होतं, हा आकडा कोणालाही सांगू नका.

दाजींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. अनोळखी नंबर, रडणारा आवाज, दवाखाना, आकडा. मास्तरांनी सांगितलेलं आणि आम्ही रोज पेपरात वाचत असलेलं सगळं एका जागी आलं होतं. मी माझ्या फोनवरून ताईला लावला, बंद. अनुला लावला, नुसताच वाजत राहिला. “दाजी, सांगून टाका,” मी म्हणालो.

त्यांनी फोनवर हात ठेवला. “पाव्हणं, तुमी शिकल्यालं हाय. छातीवर हात ठिवून सांगा, ही तुमचीच बहीन हाय?”

मला सांगता आलं नाही. जिच्या कडेवर मी वाढलो, तिचा आवाज मला ओळखता येईना. माझी पदवी त्या क्षणी काही कामाची नव्हती. खोटा असेल तर आपण फसणार. खरा असेल तर तिकडं आपली लेक कळा सोसते आहे आणि इथं आपण परीक्षा घेत बसलो आहोत.

“खूण,” दाजी म्हणाले. त्यांनी फोनवरचा हात काढला होता. “नाव सांग माझं.”

“अहो, येळ काय, तुमी करताय काय!”

“नाव सांग गं. पाया पडतो तुझ्या.”

पलीकडं माणसांचा गलका ऐकू येत होता, कुणीतरी “मावशी, लवकर करा, आकड्याची मुदत संपंल” म्हणत होतं. दाजींचं बोट लाल बटणाकडं सरकलं. आणि मग ताईनं एक हुंदका गिळला आणि चढ्या आवाजात, त्या सगळ्या गर्दीसमोर, म्हटलं:

“दवाखान्याच्या दारात माणसांच्या रांगा,
…रावांचं नाव घेते, आता तरी आकडा सांगा!”

मोकळ्या जागी दाजींचं नाव होतं. ते मी इथं लिहीत नाही.

दाजींनी आकडा सांगितला. एकेक अंक, सावकाश, दोनदा. मग फोन ठेवला आणि पायात चप्पल न घालताच गाडीला किक मारली. बारामतीपर्यंत ते एकच वाक्य बोलले. “नुसतं नाव सांगितलं आसतं तर मी फोन ठिवला आसता, पाव्हणं.”

आम्ही पोचलो तेव्हा अनुला आत नेलं होतं. ताई बाकावर बसली होती. तिनं दाजींकडं बघितलं नाही, दाजींनीही तिच्याकडं बघितलं नाही. दोघंही ऑपरेशनच्या खोलीवरच्या लाल दिव्याकडं बघत राहिले. बऱ्याच वेळानं डॉक्टर बाहेर आले आणि वेळेवर झालं म्हणाले. तेव्हा ताई दाजींना पहिलं वाक्य बोलली. “पायात काय न्हाय तुमच्या.”

संध्याकाळी दाजींनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्यांच्या फोनवर येणारा प्रत्येक फोन आपोआप ध्वनिमुद्रित होतो, ती व्यवस्था त्यांनीच धास्तीनं करून घेतलेली. ताईचा उखाणा त्यात होता. त्यांनी तो कानाशी धरून ऐकला. परत ऐकला. मग विचारलं, “हे मुळासकट पुसायचं कसं?”

“दाजी, राहू द्या की. परत मिळायचं नाही ते.”

“म्हनूनच. तिचा आवाज आन माझं नाव आता एका जागी आलं. उद्या कुनाच्या हाताला लागलं तर?” त्यांनी अजून एकदा ऐकलं, डोळे मिटून. मग मी दाखवलं तसं पुसलं, कचऱ्याच्या पेटीतूनही पुसलं, आणि फोन उलटा करून मांडीवर ठेवला.

ताईनं पुन्हा कधी नाव घेतलं नाही, आणि दाजींनीही कधी मागितलं नाही. पण मी निमगावला गेलो की जेवण झाल्यावर, ताई आत भांडी आवरत असली की ते हळूच माझ्याकडं सरकतात. “पाव्हणं, कसं म्हनली व्हती वं ती?” मी म्हणून दाखवतो. ते लक्ष देऊन ऐकतात आणि मान हलवतात. “न्हाय. तसं न्हाय. तिनं ‘आता तरी’ला जरा दम घेतला व्हता.” मी दम घेऊन म्हणतो. ते मला वाईट वाटू नये म्हणून व्हय म्हणतात.

अनु नीट बरी झाली. यंदा ती बी.फार्म. झाली. दोन्ही घरांत मिळून आता आम्ही दोन पदवीधर आहोत.