भरल्या इस्त्रीचा हात

कोळसा पेटल्याचा वास आला की माझी पोलिसातली लेक आठवती. विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदोबस्तातून ती मुकुंदवाडीला घरी यायची अन् माझी निखाऱ्यांची इस्त्री हात लांब करून धरायची. नेमबाजीच्या सरावाला घरात दुसरं काय व्हतं? मी वरडायची, "पाय भाजशील गं!" पोलिसांच्या नेमबाजी संघाच्या निवडीच्या दिवशी मी डबा घेऊन गेले, तवा शिकवणाऱ्या उस्तादानं तिच्यापुढं दोन पिस्तुलं ठेवली, एक पोलादाचं, एक नवं, हलकं, प्लास्टिकच्या अंगाचं. मी म्हणलं, "हलकं घे बाय, दमलीस." तिनं ते उचललं तर हात नेमाच्या वरच गेला. हसली, "माय, तुझ्या इस्त्रीनं बिघडवलं मला!" मंग पोलादाचं घेतलं, अन् निवडली गेली. आता ती जड इस्त्री मला एका हातानं उचलत नाय, पर भंगारात देत नाय.